शनिवार तेल्यांचा कवी : निस्सीम इझिकेल

हे या भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे कसंय' बरेचसे काढून टाकलेत, थोडे मुद्दाम राहू दिलेत.

सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करू. पनवेलहून सीएसएमटीला जाणारी लोकल शेवटच्या स्टेशनाच्या आधी कुठे थांबते? मस्जिद. आपण रोज ही घोषणा ऐकतो आणि समजून चालतो की जवळपास एखादी मशीद असणार, तिचंच हे नाव. पण या नावाचा जो खुलासा नेहमी दिला जातो तो वेगळाच आहे. तिथे ज्यूंचं प्रार्थनास्थळ होतं, म्हणजे सिनेगॉग. कोकणातून मुंबईत आलेले ज्यू आपल्या सिनेगॉगला मराठीत 'मशीद'च म्हणायचे. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर या कंपनी सरकारच्या फौजेतल्या माणसाने ती बांधली. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटल्याच्या कृतज्ञतेपोटी बांधली, असं सांगतात. इंग्रजांच्या कागदांत हा माणूस सॅम्युएल इझिकेल. तिथल्या सॅम्युएल स्ट्रीटला नाव त्याचंच.

म्हणजे बघा. नाव सामाजी, आडनाव दिवेकर, धर्म ज्यू आणि देवळाला शब्द वापरला 'मशीद'. हे सगळं एका माणसात मावलं होतं आणि त्यात कुणाला काही अडचण वाटली नाही.

आजचा भाग याच समाजातल्या एका कवीबद्दल आहे. खरं तर कवीपेक्षा त्याच्यातल्या संपादकाबद्दल जास्त. निस्सीम इझिकेल. इंग्रजीत लिहिणारे, मुंबईत जन्मलेले, मुंबईतच गेलेले. त्यांची एखादी कविता तुमच्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजच्या पुस्तकात वाचली असेल. पण हा माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा, हे त्या धड्याखालच्या कविपरिचयातून सहसा कळत नाही.

नवगाव ते पनवेल

आधी थोडी पार्श्वभूमी. या समाजाचं नाव बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरं. त्यांची स्वतःची परंपरा अशी सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ते नेमकं कधी घडलं यावर अभ्यासकांत एकमत नाही, तारखांमध्ये शेकडो वर्षांचा फरक पडतो. पुढचं मात्र सगळ्यांना मान्य आहे. ही माणसं कोकणातल्या गावागावांत पसरली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद. कारण शनिवार म्हणजे शब्बाथ, त्या दिवशी काम करायचं नाही. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. मूळ धर्मग्रंथ हातात नाही, हिब्रू विसरलेली, पण शनिवार नाही विसरला.

आडनावं आपल्यासारखीच, गावावरून पडलेली. दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर. 'बूट पॉलिश' सिनेमातले डेव्हिड आठवतात? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. म्हणजे आपलं चौल.

आणि आपलं पनवेल. इथल्या बेथ एल सिनेगॉगचं साल आहे १८४९. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली १८५३ मध्ये. म्हणजे मुंबईत आगगाडी यायच्या चार वर्षं आधी पनवेलात ज्यूंचं प्रार्थनास्थळ उभं होतं. त्या काळात पनवेल हे बंदर होतं, घाटावर जाणारा माल इथून पुढे चढायचा. व्यापाराचं गाव म्हटल्यावर सगळ्या तऱ्हेची माणसं येणारच.

आता भाषेचा मुद्दा, कारण पुढच्या गोष्टीचा धागा तिथे आहे. या समाजाची घरची भाषा मराठी. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले, त्यांनी या लोकांना हिब्रू शिकवायचं मनावर घेतलं आणि १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. १८४६ मध्ये मुंबईत 'हगादा' मराठी भाषांतरासह छापली गेली. हगादा म्हणजे पेसाख सणाच्या रात्री जेवणाच्या वेळी वाचायची पोथी. १८७४ मध्ये पुण्यात तिची सचित्र आवृत्ती निघाली. पुढे तर या समाजात मराठी कीर्तनंसुद्धा होऊ लागली. पगडी, टाळ, झांजा सगळं तेच, आख्यान मात्र अब्राहमचं नाहीतर मोशेचं.

ज्या विल्सनसाहेबांनी हे व्याकरण छापलं, त्यांच्याच शाळेतून पुढे गिरगाव चौपाटीवरचं विल्सन कॉलेज उभं राहिलं. आणि या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला होते मोझेस इझिकेल. निस्सीम यांचे वडील.

घर, रॉयवाद आणि लंडन

निस्सीम यांचा जन्म १६ डिसेंबर १९२४, मुंबई. 'निस्सीम' हा आपल्याला मराठी शब्द वाटतो, सीमा नसलेला. हिब्रूत 'निस्सीम' म्हणजे चमत्कार, अनेकवचनी. दोन्ही भाषांत नाव शोभतं हा निव्वळ योगायोग.

वडील प्राध्यापक, आई स्वतःची शाळा चालवणाऱ्या मुख्याध्यापिका. घर शिकलेलं, धर्माच्या बाबतीत मोकळं. शाळा भायखळ्याची, कॅथलिक मिशनची. तिथे वर्गात ख्रिश्चन, मुसलमान, हिंदू सगळी मुलं आणि त्यात हा एकटा ज्यू. त्या वयात जो त्रास होतो तो झाला. पुढे 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या आत्मचरित्रात्मक कवितेत त्यांनी तो सरळ सांगितला आहे. तेल गाळणाऱ्या पूर्वजांचाही उल्लेख त्याच कवितेत येतो.

१९४७ मध्ये विल्सन कॉलेजातून इंग्रजी घेऊन एमए, पहिल्या वर्गात. त्याच काळात ते एम. एन. रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पार्टीत काम करत होते. मराठी वाचकाला हे वर्तुळ ओळखीचं आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी रॉयवादी, गोवर्धन पारीख रॉयवादी. धर्म असो, राष्ट्र असो की पक्ष, कुठल्याच गोष्टीपुढे डोळे मिटून मान तुकवायची नाही, ही त्या मंडळींची शिकवण. निस्सीम यांनी पक्षाचं राजकारण लवकर सोडलं, पण ही सवय जन्मभर सोडली नाही.

मग मित्र भेटला इब्राहिम अल्काझी. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक म्हणून गाजलेले, ते हेच. अल्काझी लंडनला निघाले होते, त्यांनी निस्सीम यांनाही चल म्हटलं आणि तिकिटाचे पैसे दिले. नोव्हेंबर १९४८. लंडनमध्ये बर्कबेक कॉलेजात तत्त्वज्ञान शिकायचं, तळघरातल्या खोलीत राहायचं आणि कविता लिहायच्या. १९५२ मध्ये तिथल्या फॉर्च्यून प्रेसने त्यांचा पहिला संग्रह काढला, 'अ टाइम टू चेंज'.

आणि परत यायला पैसे नाहीत. म्हणून इंडोचायनाला शस्त्रं घेऊन निघालेल्या एका मालवाहू जहाजावर डेक घासायचं काम पत्करून ते परत आले. पहिलं पुस्तक लंडनमध्ये छापून आलेला कवी, हातात फडका. त्याच वर्षी लग्न झालं, त्याच वर्षी 'इलस्ट्रेटेड वीकली'त साहाय्यक संपादकाची नोकरी लागली. इथून गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होते.

पोटापाण्याची यादी

मला कुठल्याही लेखकाबद्दल वाचताना एक प्रश्न पडतो. याचं घर कशावर चालत होतं? आपल्याकडे कवीचं चरित्र लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवतात. इझिकेल यांची यादी अशी आहे. दोन वर्षं 'वीकली'. मग शिल्पी या जाहिरात कंपनीत कॉपीरायटर. मग केमोल्ड या चित्रांच्या चौकटी बनवणाऱ्या कंपनीत मॅनेजर. १९६१ पासून विलेपार्ल्याच्या मिठीबाई कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुख. १९७२ पासून मुंबई विद्यापीठ, १९८५ पर्यंत. मध्ये आकाशवाणीवर कार्यक्रम, 'टाइम्स'मध्ये चित्रकलेची समीक्षा, १९६४ मध्ये लीड्स आणि १९६७ मध्ये शिकागो इथे पाहुणे प्राध्यापक.

या सगळ्याच्या फटींमध्ये कवितासंग्रह. 'सिक्स्टी पोएम्स', 'द थर्ड', 'द अनफिनिश्ड मॅन', 'द एक्झॅक्ट नेम', 'हिम्स इन डार्कनेस', 'लॅटर-डे साम्स'. शेवटच्या संग्रहाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. १९८८ मध्ये पद्मश्री.

'द एक्झॅक्ट नेम' हे शीर्षक मला व्यक्तिशः फार आवडतं. नेमकं नाव. आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे की प्रोग्रॅमिंगमधल्या अवघड गोष्टी दोनच आणि त्यातली एक म्हणजे वस्तूंना नावं देणं. व्हेरिएबलला नाव चुकीचं दिलं की दोन वर्षांनी तो कोड वाचणारा माणूस तुम्हाला शिव्या घालतो. इझिकेल यांची कविता वाचताना हेच जाणवतं. आवाज चढत नाही, फुलोरा नाही, नेमका शब्द सापडला की तिथे थांबायचं. त्यांच्या आधीची भारतीय इंग्रजी कविता बरीचशी आध्यात्मिक धुक्यात फिरत होती. ती मुंबईच्या फुटपाथवर, ऑफिसात, नवरा-बायकोच्या भांडणात आणली ती मुख्यतः यांनी.

विंचवाची कविता घ्या, 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन'. पावसाळी रात्र, आईला विंचू चावलाय, शेजारीपाजारी मंत्र म्हणत, पूर्वजन्मीचं पाप फिटेल म्हणत घर भरून बसलेत. वडील बुद्धिवादी, कशावरच विश्वास नसलेले, पण त्या रात्री तेही सगळं करून बघतात. झाडपाला, पूड, शेवटी चावलेल्या अंगठ्यावर रॉकेल ओतून काडी लावतात. वीस तासांनी उतार पडतो आणि आई म्हणते, बरं झालं, मला चावला, पोरांना नाही. कोकणातल्या माणसाला या कवितेची टीप लागत नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एक रात्र होऊन गेलेली असते. इंग्लंडमधल्या शाळांतही ही कविता अनेक वर्षं शिकवली गेली. तिथल्या शिक्षकांना मंत्र म्हणणारे शेजारी समजावून सांगावे लागत असतील. आपल्याला नाही.

एक बाजू अशीही आहे की त्यांच्या सगळ्या कविता सर्वांना रुचल्या नाहीत. 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही ऑफिसातल्या निरोप समारंभाची कविता. बोलणारा माणूस आपल्या देशी इंग्रजीत भाषण ठोकतो, बरीचशी क्रियापदं चालू काळात. मराठी-हिंदीची वाक्यरचना, वर इंग्रजी शब्द. आमच्या ऑफिसात कुणाचा शेवटचा दिवस असला की जो ईमेल येतो, तो आजही थेट या कवितेतून उतरल्यासारखा वाटतो. म्हणून हसू येतं. पण अनेक टीकाकार म्हणाले, इंग्रजी नीट येणाऱ्याने न येणाऱ्याची केलेली ही टिंगल आहे. मला हा आक्षेप पूर्ण खोटा वाटत नाही. मात्र कविता दोनदा वाचली की बोलणाऱ्याचा भाबडेपणाही दिसतो, आणि ते इंग्रजी कविता होण्याइतकं जिवंत आहे हे आधी कुणाला तरी ऐकू यावं लागतं, तेही दिसतं.

संपादकाची खुर्ची

आता मूळ मुद्दा. कवी म्हणून इझिकेल किती मोठे, यावर वाद घाला. संपादक म्हणून त्यांनी जे केलं, त्यावर फारसा वाद होऊ शकत नाही.

अमेरिकेत शिकागोला हॅरिएट मन्रो नावाच्या कवयित्रीने १९१२ मध्ये 'पोएट्री' नावाचं मासिक सुरू केलं. तिच्या स्वतःच्या कविता आज फार कुणी वाचत नाही, पण तिच्या मासिकाशिवाय आधुनिक अमेरिकन कवितेचा इतिहास लिहिता येत नाही. प्रत्येक साहित्याला असा माणूस लागतो. मराठीत 'सत्यकथे'चे राम पटवर्धन होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या मुंबईकरांसाठी हे काम इझिकेल यांनी केलं.

१९५५ मध्ये 'क्वेस्ट' हे नियतकालिक निघालं, पहिले संपादक इझिकेल. वय तीस. राजकारण, समाज, कथा, कविता, समीक्षा असा सगळा ऐवज. सहकाऱ्यांनी नंतर सांगितलेला त्यांचा दंडक साधा होता. मजकुराचा भारताशी संबंध हवा, भारतीयांनी भारतीयांसाठी लिहिलेला हवा. आज हे ऐकायला किरकोळ वाटेल. १९५५ मध्ये इंग्रजीत लिहिणारा प्रत्येक जण एक डोळा लंडनवर ठेवून लिहीत होता, तेव्हा ते किरकोळ नव्हतं.

याच शहरात, साधारण त्याच वेळी, शाळा नुकती संपवलेला दिलीप चित्रे नावाचा मुलगा अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांच्या जोडीने 'शब्द' नावाचं अनियतकालिक काढत होता. सायक्लोस्टाइल करून, पदरचे पैसे घालून. एकीकडे व्यवस्थित छापलेलं इंग्रजी 'क्वेस्ट', दुसरीकडे शाई पसरलेलं मराठी 'शब्द'. हे दोन्ही धागे पुढे एकत्र येणार आहेत, लक्षात ठेवा.

१९६६ मध्ये इझिकेल यांनी 'पोएट्री इंडिया' काढलं. फक्त कवितेला वाहिलेलं, जेमतेम दोन वर्षं चाललं. पण त्यात इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतल्या कवितांची भाषांतरं होती. कोलटकरांनी इंग्रजीत आणलेले तुकारामांचे काही अभंग १९६६ मध्ये इथेच छापले. 'जेजुरी' पुस्तकरूपात यायला तेव्हा दहा वर्षं होती. कोलटकर हे नाव मराठीतही मोजक्यांनाच ठाऊक होतं. अशा वेळी त्यांचा तुकाराम छापणं ही संपादकाची नजर. गीव्ह पटेल या तरुण डॉक्टर-कवीचा पहिला संग्रहही १९६६ मध्ये इझिकेल यांनीच प्रसिद्ध केला. आणि १९७०च्या दशकात वृंदा नाबर यांच्या जोडीने त्यांनी इंदिरा संत यांच्या कविता इंग्रजीत नेल्या, 'स्नेक-स्किन अँड अदर पोएम्स' या नावाने. बेळगावच्या इंदिराबाईंची कविता आणि शनिवार तेल्यांचा वारस. हे पुस्तक मराठी घरांत जवळजवळ माहीतच नाही.

पुढची अनेक वर्षं ते न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये पेन या लेखकसंस्थेच्या कचेरीत बसत आणि 'द इंडियन पेन'चं संपादन करत. कुणीही तरुणाने आपली वही घेऊन जावं आणि समोर बसावं. ते वाचत आणि काय चुकलं ते तोंडावर सांगत. १९८६ मध्ये मुंबईत पोएट्री सर्कल सुरू करणाऱ्या पिढीसाठी ती खोली म्हणजे हक्काचा पत्ता होता.

मी याला कोड रिव्ह्यू म्हणतो. ज्यांनी कंपनीत काम केलंय त्यांना कळेल. चांगला रिव्ह्यू करणारा सीनियर तुमच्या पन्नास ओळी वाचतो, त्यातल्या तीन बरोबर ठिकाणी बोट ठेवतो आणि कोड तुमचाच राहू देतो. त्याचं नाव कुठेही लागत नाही. प्रॉडक्ट बाजारात जातं तेव्हा टाळ्या दुसऱ्याला. संपादकाचं काम तंतोतंत असंच असतं, म्हणून इतिहासात त्याच्या वाट्याला अर्धी ओळ येते.

पैसा कुणाचा होता?

आता जरा अवघड जागी येऊ. 'क्वेस्ट' चालत होतं इंडियन कमिटी फॉर कल्चरल फ्रीडम या संस्थेतर्फे. तिची मातृसंस्था काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम, १९५० मध्ये बर्लिनला स्थापन झालेली, मुख्यालय पॅरिसला. साम्यवादाला विरोध आणि लेखक-कलावंतांचं स्वातंत्र्य हे घोषित उद्दिष्ट. मुंबईत १९५१ मध्ये तिची मोठी परिषद भरली होती.

१९६६-६७ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांतून बाहेर आलं की या मातृसंस्थेला पैसा पुरवत होती सीआयए. मधल्या वेगवेगळ्या फाउंडेशनांच्या नावाने, लपवून. जगभर खळबळ माजली. लंडनचं 'एन्काउंटर' हे त्याच कुटुंबातलं मासिक. त्याचे संपादक स्टीफन स्पेंडर, तेही कवीच, त्यांनी १९६७ मध्ये राजीनामा दिला. इझिकेल यांनी 'क्वेस्ट'चं संपादकपद त्याच्या कितीतरी आधी सोडलं होतं. तरी प्रश्न उरतोच. जे मासिक भारतीयांनी भारतीयांसाठी लिहायचं म्हणत होतं, त्याच्या वरच्या टोकाचा पैसा वॉशिंग्टनहून येत होता.

यावर दोन सोपी उत्तरं आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. पहिलं, की सगळंच विकलेलं होतं, फेकून द्या. तर मग अंक उघडून बघा. २०११ मध्ये 'द बेस्ट ऑफ क्वेस्ट' हा निवडक मजकुराचा जाडजूड ग्रंथ निघालाय. त्यातलं लेखन कुणाच्या हुकमावरून लिहिल्यासारखं वाटत नाही. आपसांत भांडणारे, सरकारवर, धर्मावर, एकमेकांवर तुटून पडणारे लोक त्यात आहेत. दुसरं उत्तर, की मजकूर चांगला ना, मग पैसा कुठूनही येवो. हेही सोयीचं आहे. कारण लपवलेला पैसा काय छापायचं हे ठरवत नसेल, तरी कोणतं मासिक जगायचं आणि कोणतं बंद पडायचं हे ठरवतोच. 'शब्द'ला कुणी फाउंडेशन मिळालं नाही.

आज आम्ही रोज वापरतो ती अर्धी ओपन सोर्स सॉफ्टवेअरं मोठ्या कंपन्यांच्या पैशावर चालतात. कोड उत्तम असतो, सगळ्यांना खुला असतो. तरी कंपनीने हात काढून घेतला की प्रोजेक्टचं काय होतं ते आपण पाहतो. म्हणून माझ्यापुरता निकष असा : पैसा उघड हवा आणि मजकूर स्वतःच्या पायावर उभा राहणारा हवा. 'क्वेस्ट' दुसऱ्या कसोटीला उतरतं, पहिल्या कसोटीत त्याच्या मालकसंस्थेने वाचकाला फसवलं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

पुढे आणीबाणीत 'क्वेस्ट' बंद पडलं. परकीय पैशाच्या वादातून तरलेलं मासिक स्वदेशी सेन्सॉरशिपपुढे थांबलं. नंतर ते 'न्यू क्वेस्ट' म्हणून पुन्हा उभं राहिलं. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत 'न्यू क्वेस्ट'चे संपादक कोण होते? दिलीप चित्रे. सायक्लोस्टाइल 'शब्द' काढणारा तो मुलगा. दोन धागे असे एकत्र आले.

राहणं हाही निर्णय असतो

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि बेने इस्रायल जाऊ लागले. पन्नाशीच्या सुरुवातीला भारतात त्यांची संख्या सुमारे वीस हजार होती, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कोकणातली गावंच्या गावं रिकामी झाली. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. या देशात ज्यूंना ज्यू म्हणून कधी छळलं गेलं नाही, हे ते स्वतः आवर्जून सांगतात. ती ओढ वेगळी होती. आणि तिथे गेल्यावर काय झालं? तिथल्या काही धर्मगुरूंनी शंका काढली की हे लोक पुरेसे ज्यू आहेत का, यांच्याशी लग्नं लावावीत का. आंदोलनं झाली, उपोषणं झाली आणि १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य झालं. ज्यांनी शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांना ही परीक्षा द्यावी लागली. असं असूनही मराठी त्यांनी तिकडेही टिकवली, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघत राहिलं.

इझिकेल गेले नाहीत. त्यांना लंडन शक्य होतं, अमेरिका शक्य होती, इस्रायल तर हक्काचं होतं. ते मुंबईत राहिले. व्ही. एस. नायपॉल यांनी १९६४ मध्ये 'अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस' लिहून भारताची सालटी काढली. तेव्हा इझिकेल यांनी पुढच्या वर्षी उत्तर लिहिलं, 'नायपॉल्स इंडिया अँड माइन'. मला तो त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा गद्य लेख वाटतो. त्यात देशाभिमानाचं भाषण नाही. नायपॉलना दिसलेला अंधार आहेच, हे ते आधी कबूल करतात. स्वतः हिंदू नाही, घडणीनेच थोडा बाहेरचा आहे, हेही सांगतात. पण परिस्थितीने आणि स्वतःच्या निर्णयांनी मी या जागेशी बांधला गेलोय, असा त्यांचा मुद्दा आहे. त्यांची तक्रार टीकेबद्दल नाही. टीका करताना समोरचा माणूस माणूस म्हणून दिसला पाहिजे, तो नायपॉलना दिसला नाही, ही तक्रार आहे.

हा 'निर्णय' शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आपण इथले असतो ते बहुतेक वेळा इथे जन्मलो म्हणून. आमच्या बॅचमधली अर्धी मुलं अमेरिका-कॅनडात आहेत, उरलेली जायच्या तयारीत. राहणारा माणूस मागे राहिलेला समजला जातो. राहणं ही विचार करून केलेली कृती असू शकते, हे या माणसाकडे पाहून कळतं. जाणारे चूक, राहणारे बरोबर असं मी म्हणत नाहीये. नवगावला पोचलेले ते सात आणि सातही कुठून तरी निघालेच होते.

शेवटचं थोडं

अखेरच्या वर्षांत इझिकेल यांना अल्झायमर झाला. नेमकं नाव शोधण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाची नावंच हरवत गेली. ९ जानेवारी २००४ ला मुंबईत ते गेले. त्याच वर्षी जूनमध्ये डॉम मोराएस गेले आणि सप्टेंबरमध्ये अरुण कोलटकर. एकाच वर्षात या शहराने तीन कवी गमावले. त्यातले कोलटकर आपण आपले म्हणून सांगतो, कारण ते मराठीतही लिहायचे. इझिकेल यांना मात्र 'इंग्रजी कवी' या कप्प्यात टाकून मोकळे होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. मराठी साहित्याचा इतिहास मराठीत लिहिणाऱ्यांचा असेल, ठीक आहे. पण महाराष्ट्राचा साहित्यिक इतिहास लिहायचा तर त्यात हे प्रकरण लागेल. तुकारामाचे इंग्रजी अभंग छापणारा, इंदिराबाईंना इंग्रजीत नेणारा, मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला एक संपादक. ही गोष्ट मुंबईची आहे, अलिबागची आहे आणि पनवेलचीही आहे.

एक विनंती करून थांबतो. रायगड जिल्ह्यात, पनवेल, पेण, अलिबाग, रोहा, मुरूडकडे, बेने इस्रायल कुटुंबं जाताना शेजाऱ्यांकडे कधी पेट्या, कधी कपाटं ठेवून गेली. तुमच्या घरात कुणाच्या माळ्यावर अशी जुनी मराठी-हिब्रू पुस्तकं, कीर्तनाच्या वह्या, पत्रं असतील तर रद्दीत घालू नका. फोनवर का होईना, नीट उजेडात एकेका पानाचे फोटो काढा, मागे गावाचं नाव आणि कुटुंबाचं नाव लिहून ठेवा आणि एखाद्या ग्रंथालयाला किंवा त्या समाजाच्या संस्थेला कळवा. आमच्या भाषेत याला बॅकअप म्हणतात. तो मूळ प्रत हरवायच्या आधी घ्यायचा असतो.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.